परदेशी कंपनीचे आरोग्य-ॲप, सोलापूरचे रुग्ण: जीएसटी कोणी भरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचे सोलापूरचे, पण आता सिंगापूरला स्थायिक झालेले एक मधुमेहतज्ज्ञ तेथे नोंदलेल्या आपल्या कंपनीमार्फत सोलापूर, बार्शी, पंढरपूर या भागांत चार सेवा देतात. साखरेच्या नोंदी ठेवून आहार सुचवणारे महिना २९९ रुपयांचे ॲप, व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला, डोळ्यांच्या रुग्णालयांसाठी रेटिनाची छायाचित्रे तपासणारे सॉफ्टवेअर आणि त्याच छायाचित्रांवर परदेशातील नेत्रतज्ज्ञाने सही करून दिलेला अहवाल, अशा या सेवा आहेत. पैसे काही ॲप स्टोअरमधून येतात, काही पेमेंट गेटवेमधून, तर रुग्णालये परकीय चलनात थेट पाठवतात. होटगी रस्त्याला राहणारे त्यांचे मेहुणे दवाखान्यांना ॲप समजावून देणे, तक्रारी ऐकणे अशी कामे पाहतात. आरोग्यसेवेला जीएसटी नाही, शिवाय कंपनी भारताबाहेरची आहे, तेव्हा आम्हाला येथे काही करावे लागते का, असे डॉक्टरांनी विचारले आहे.

डॉक्टर, करावे लागते, आणि चारही सेवांसाठी एकसारखे नाही. आपल्या प्रश्नातील दोन्ही गृहीतके तपासली की बराचसा गुंता आपोआप सुटतो, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो.

जीएसटी हा उपभोगावरचा कर आहे. कंपनी कोठली, तिचा नफा कोठे झाला हे प्रश्न प्राप्तिकराचे. येथे सेवा कोणी आणि कोठे बसून वापरली एवढेच आधी पाहिले जाते. त्यामुळे भारतात कार्यालय नाही, बँक खाते नाही या मुद्द्यांना जीएसटीत फारसे वजन नाही. हे धोरण भारताने एकट्याने काढलेले नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१७ पासून परदेशी डिजिटल सेवांवर जीएसटी लावला, आपण राहता त्या सिंगापूरने जानेवारी २०२० पासून लावला आणि जपानने १ एप्रिल २०२५ पासून परदेशी कंपन्यांच्या वतीने कर भरण्याची जबाबदारी मोठ्या ॲप स्टोअरांवरच टाकली. आपल्याकडे तर सेवाकराच्याच काळात, १ डिसेंबर २०१६ पासून, घरगुती ग्राहकांना ऑनलाइन सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली होती. जीएसटी आल्यावर तीच व्यवस्था एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आली.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ऑनलाइन माहिती व डेटाबेस सेवांची व्याख्या, जिला आम्ही कर सल्लागार ‘ओआयडीएआर’ म्हणतो. इंटरनेटवरून किंवा इलेक्ट्रॉनिक जाळ्यातून जिचा पुरवठा होतो आणि माहिती तंत्रज्ञानाशिवाय जी देताच येणार नाही, अशी सेवा या व्याख्येत बसते. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत व्याख्येत आणखी एक अट होती: सेवा मूलतः स्वयंचलित हवी आणि तीत माणसाचा हात नाममात्र हवा. या अटीच्या आधाराने कित्येक परदेशी कंपन्या, आमच्याकडे माणसे काम करतात असे सांगून, व्याख्येबाहेर राहत असत. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट गेली. त्याच दिवशी दुसरा बदल झाला, आणि सोलापूरच्या दवाखान्यांच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वी धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठी सेवा घेणारा ग्राहक, नोंदणी नसली तरी, ‘करबाह्य ऑनलाइन ग्राहक’ ठरत नसे. आता ज्याची जीएसटी नोंदणी नाही असा कोणीही, तो रुग्ण असो, ओपीडी चालवणारा डॉक्टर असो की वीस खाटांचे रुग्णालय असो, या वर्गात येतो, आणि त्याला दिलेल्या ओआयडीएआर सेवेवरचा कर परदेशी कंपनीने भरायचा असतो.

आता ॲपकडे येऊ. रुग्ण साखरेचा आकडा भरतो, ॲप आलेख काढते आणि ठरलेल्या गणितानुसार भाकरी किती, भात किती ते सांगते. ही सेवा ओआयडीएआर आहे यात मला तरी शंका वाटत नाही. राहिला प्रश्न आरोग्यसेवेच्या सूटीचा. ‘आरोग्यसेवेला जीएसटी नाही’ हे वाक्य दवाखान्यांमध्ये इतके रुळले आहे की त्याचा उत्तरार्ध कोणी वाचत नाही. सूट आहे ती क्लिनिकल आस्थापना (म्हणजे रुग्णालय, दवाखाना, तपासणी केंद्र), अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा पॅरामेडिक यांनी दिलेल्या आरोग्यसेवेला, आणि आरोग्यसेवा म्हणजे भारतात मान्यताप्राप्त उपचारपद्धतीनुसार आजार, दुखापत, व्यंग किंवा गरोदरपण यांसाठी केलेले निदान, उपचार अथवा शुश्रूषा. सेवा आरोग्याविषयी असणे पुरेसे नाही. देणारा या तिघांपैकी एक असावा लागतो आणि त्याने प्रत्यक्ष निदान किंवा उपचार केलेला असावा लागतो. नोंदी ठेवणाऱ्या आणि सर्वसाधारण आहार सुचवणाऱ्या ॲपला या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. त्यावर १८ टक्के दराने एकात्मिक कर (आयजीएसटी) लागतो; २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या दरांची फेरमांडणी झाली, तेव्हाही अशा सेवांचा हा दर बदलला नाही.

येथील सेवा व्यावसायिकांना ओळखीची असलेली २० लाख रुपयांची उलाढाल मर्यादा आपल्याला लागू नाही. भारताबाहेरून नोंदणी नसलेल्या ग्राहकाला ओआयडीएआर सेवा देणाऱ्याला केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम २४ नुसार पहिल्या ग्राहकापासून नोंदणी घ्यावी लागते. आपण २९९ रुपये घेताना कर वेगळा दाखवलेला नाही. किंमत करासहित धरली, तर त्यातील मूळ किंमत २५३ रुपये ३९ पैसे आणि कर ४५ रुपये ६१ पैसे होतो. पाचशे वर्गणीदार असतील तर महिन्याला सुमारे २२,८०० रुपये कर झाला, आणि तो रुग्णांकडून नंतर मागता येणार नसल्याने कंपनीच्या खिशातून जाईल. म्हणून ॲपच्या वर्गणीच्या पानावर ‘सर्व करांसहित’ हे शब्द आजच घाला, म्हणजे निदान किंमत करासहित होती की करावेगळी, हा वाद पुढे उरणार नाही.

ग्राहक भारतातला आहे हे कसे ठरते, असाही प्रश्न येतो. कायद्याने त्यासाठी सात खुणा दिल्या आहेत: ग्राहकाने इंटरनेटवर दिलेला पत्ता, पैसे ज्या कार्डाने दिले ते कोठे जारी झाले, बिलाचा पत्ता, उपकरणाचा आयपी पत्ता, पैसे ज्या खात्यातून आले त्या बँकेचे ठिकाण, सिमकार्डाचा देश-संकेतांक आणि स्थिर दूरध्वनीचे ठिकाण. यातील परस्परविरोधी नसलेल्या कोणत्याही दोन खुणा भारताकडे बोट दाखवत असतील, तर ग्राहक भारतात आहे असे मानले जाते. देश ठरवणे सोपे आहे; सोलापूरची अडचण राज्याची आहे. विवरणपत्रात करपात्र रक्कम राज्यनिहाय दाखवावी लागते आणि बिलावर ग्राहकाच्या राज्याचे नाव हवे. कर्नाटकातील इंडी, विजयपूर, कलबुर्गी भागांतील रुग्ण उपचारासाठी सोलापूरला येतात, कित्येकांकडे सोलापुरात घेतलेले सिम असते, आणि ॲप मात्र ते घरी गेल्यावर वापरतात. आपल्या ॲपमध्ये नोंदणी करताना राज्य निवडण्याची जागाच नसेल, तर सगळे रुग्ण महाराष्ट्रात टाकण्याचा मोह होईल. तसे करू नका. कराची एकूण रक्कम तीच राहिली, तरी राज्याचा वाटा चुकीच्या तिजोरीत जातो आणि पुढे खुलासे देत बसावे लागते.

व्हिडिओ सल्ल्याचा भाग सर्वांत नाजूक आहे, आणि तेथे मला आपल्या कंपनीच्या करारांची भाषा पाहिल्याशिवाय ठाम उत्तर देता येणार नाही. तरी दिशा सांगतो. सूटीसाठी ‘अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे भारतातील मान्यताप्राप्त परिषदेकडे नोंदलेला, किंवा भारतातील कायद्यानुसार येथे व्यवसाय करण्याची पात्रता असलेला डॉक्टर. आपण स्वतः महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवली असेल आणि रुग्णाला आपण स्वतः तपासत असाल, तर तो सल्ला आरोग्यसेवाच आहे. कॅमेरा मध्ये आला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. पण आपल्या पॅनेलवरच्या ज्या सहकाऱ्यांची नोंदणी फक्त सिंगापूरच्या परिषदेकडे आहे, त्यांना ही व्याख्या लावता येत नाही. त्यांच्याबाबतीत कराच्याही आधीचा प्रश्न आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ नुसार भारतात वैद्यकीय व्यवसाय करायला राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागते आणि २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी भारताबाहेरच्या सल्ल्याला आपल्या कक्षेत घेतलेले नाही. माझे स्पष्ट मत असे की भारतातील रुग्णांसमोर केवळ भारतात नोंदलेलेच डॉक्टर बसवावेत. करसूटीसाठी केलेली ही व्यवस्था कायद्याच्या दुसऱ्या बाजूनेही आपल्याला सांभाळून घेईल.

परदेशी डॉक्टरच्या सल्ल्यावर कर लागतोच, असे मात्र घाईने म्हणता येत नाही. एखाद्या व्यक्तीने धंदा-व्यवसायाशी संबंध नसलेल्या कारणासाठी परदेशातून घेतलेल्या सेवेला २८ जून २०१७ च्या एकात्मिक कराच्या सूट अधिसूचनेत वेगळी सूट आहे, आणि स्वतःच्या आजारासाठी घेतलेला सल्ला त्यात बसतो. अडचण एवढीच की त्याच नोंदीच्या परंतुकाने, म्हणजे तिला जोडलेल्या अपवादाने, ओआयडीएआर सेवा या सूटीतून वगळल्या आहेत. म्हणजे प्रश्न पुन्हा तेथेच येतो: व्हिडिओवरचा सल्ला ओआयडीएआर आहे का? सेवाकराच्या काळात, ९ नोव्हेंबर २०१६ च्या परिपत्रकात, ई-मेलवरून दिलेला सल्ला ओआयडीएआर नाही असे उदाहरण दिले होते, पण तो काळ ‘माणसाचा नाममात्र हात’ या अटीचा होता. ती अट गेल्यावर सारा भर ‘माहिती तंत्रज्ञानाशिवाय अशक्य’ या शब्दांवर आला आहे. माझ्या मते डॉक्टरचा सल्ला समोर बसूनही देता येतो, इंटरनेट हे केवळ तो पोहोचवण्याचे साधन आहे, म्हणून तो व्याख्येबाहेर राहतो. सिंगापुरातला डॉक्टर सोलापूरच्या रुग्णाला तंत्रज्ञानाशिवाय तपासूच शकत नाही, असा उलट युक्तिवाद जीएसटी विभाग करू शकतो, आणि तो टाकाऊ नाही. रक्कम मोठी असेल तर अग्रिम निर्णयाचा, म्हणजे कर लागतो की नाही याचा अधिकृत निर्णय आधीच मागण्याचा, अर्ज करण्याचा विचार करावा.

येथे एक फाटा फुटतो. सल्ला कंपनी देते की डॉक्टर? रुग्ण ५०० रुपये भरतो, त्यातले ४०० डॉक्टरला जातात आणि १०० कंपनी ठेवते, अशी आपली पद्धत दिसते. रुग्णालयांच्या बाबतीत १२ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रक क्रमांक ३२ ने हा प्रश्न सोडवला आहे: रुग्णालयाने रुग्णाकडून १०,००० रुपये घेतले, सल्लागार डॉक्टरला ७,५०० दिले आणि २,५०० स्वतःकडे ठेवले, तरी संपूर्ण रक्कम आरोग्यसेवेचीच आणि करमुक्त. या परिपत्रकाचा हवाला ऑनलाइन कंपन्या सर्रास देतात. पण रुग्णालय रुग्णाची जबाबदारी स्वतः घेते, त्याच्या नावाने केसपेपर काढते, काही बिघडले तर स्वतः उत्तर देते. आपल्या ॲपच्या अटींमध्ये मात्र, आम्ही केवळ रुग्ण आणि डॉक्टर यांची गाठ घालून देतो, वैद्यकीय जबाबदारी आमची नाही, असे लिहिले आहे. जबाबदारी झटकणारे हे कलम आपल्या वकिलांनी भल्यासाठी घातले असेल, पण करसूट मागताना तेच आडवे येते. गाठ घालून देणारा क्लिनिकल आस्थापना ठरत नाही. मग ४०० रुपये डॉक्टरच्या करमुक्त सेवेचे आणि १०० रुपये कंपनीच्या करपात्र सेवेचे, अशी विभागणी होते. हे १०० रुपये जर डॉक्टरकडून घेतले जात असतील आणि त्या डॉक्टरची जीएसटी नोंदणी नसेल, तर ऑक्टोबर २०२३ नंतर त्यावरचा कर परदेशी कंपनीने भरायचा आहे.

एकाच वर्गणीत ॲपही आणि महिन्याला दोन सल्लेही, अशी जी नवी योजना आपण आखत आहात, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो: करू नका. एका किमतीत करपात्र आणि करमुक्त गोष्टी बांधल्या, आणि त्या स्वभावतः एकमेकींना चिकटलेल्या आहेत हे पटवता आले नाही, तर सगळ्या किमतीवर जास्तीचा दर लागतो. किमती वेगळ्या ठेवा, बिलातही वेगळ्या दाखवा.

आता रुग्णालयांकडे. सॉफ्टवेअर छायाचित्र वाचून निष्कर्ष देते, ही उघडउघड ओआयडीएआर सेवा आहे. रुग्णालयाकडे जीएसटी क्रमांक असेल, तर आपण कर आकारायचा नाही. रुग्णालयाने रिव्हर्स चार्जने, म्हणजे उलट आकारणीने, तो स्वतः भरायचा. वर्षाचे सहा लाख रुपये शुल्क असेल तर १,०८,००० रुपये कर होतो. हा कर रोखीने भरावा लागतो, क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून, वळता करता येत नाही. आणि रुग्णालयाचे उत्पन्न करमुक्त आरोग्यसेवेचे असल्याने त्या प्रमाणात त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिटही मिळत नाही. म्हणजे ते सॉफ्टवेअर रुग्णालयाला सात लाख आठ हजारांना पडते. विक्री करताना आपले मेहुणे हा आकडा सांगत नसतील, तर त्यांनी तो सांगायला हवा. रुग्णालयाला स्वतःच्या नावे सेल्फ-इन्व्हॉइसही काढावे लागते, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे.

रुग्णालयाकडे जीएसटी क्रमांक आहे की नाही, हे मात्र बारकाईने पाहा. सोलापुरात, आणि सोलापुरातच असे नाही, रुग्णालय डॉक्टरांच्या नावावर असते आणि तळमजल्यावरचे मेडिकल स्टोअर सौभाग्यवतींच्या किंवा भावाच्या नावावर. जीएसटी नोंदणी असते ती मेडिकलची. परदेशी कंपनीच्या अर्जात जीएसटी क्रमांकाची चौकट दिसली की हिशेबनीस मेडिकलचा क्रमांक भरून मोकळा होतो, कारण तेवढाच त्याच्याकडे असतो. कंपनी तो क्रमांक पाहून कर लावत नाही. मेडिकलने सेवा घेतलेली नसल्याने तेथेही उलट आकारणीने कोणी भरत नाही, आणि कर हवेत विरतो. क्रमांक पोर्टलवर टाकून नोंदणीकृत नाव पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. नाव करारातील नावाशी जुळत नसेल, तर त्या रुग्णालयाला नोंदणी नसलेला ग्राहक धरून कर आकारा.

चौथी सेवा, परदेशी नेत्रतज्ज्ञाने सही केलेला अहवाल, वरवर पाहता सॉफ्टवेअरसारखीच दिसते. पण नोंदणी नसलेल्या रुग्णालयाच्या बाबतीत तिचे वर्गीकरण कराचे ओझे एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर टाकते. ती ओआयडीएआर मानली तर कर कंपनीने भरायचा. नाही मानली, म्हणजे छायाचित्र कसेही पोहोचले तरी काम माणसाच्या वाचनाचे आहे असे धरले, तर ती साधी सेवा-आयात ठरते आणि कर रुग्णालयाने उलट आकारणीने भरायचा. उलट आकारणीने कर भरावा लागणाऱ्याला कलम २४ खाली नोंदणी सक्तीची आहे. केवळ करमुक्त सेवा देणारे रुग्णालय एरवी जीएसटी नोंदणीपासून मुक्त असते. परदेशातून अहवाल मागवू लागल्याने ते या जाळ्यात येते, आणि रुग्णालयाच्या मालकाला त्याची कल्पनाही नसते. असे अहवाल आरोग्यसेवाच आहेत, म्हणून आयातीवरही करमुक्त आहेत, असा युक्तिवाद करता येतो; पण सही करणारा डॉक्टर भारतात नोंदलेला नसेल तर तो लंगडा पडतो आणि आपली कंपनी क्लिनिकल आस्थापना आहे हे सिद्ध करण्याचा भार रुग्णालयावर येतो. सही भारतात नोंदलेल्या नेत्रतज्ज्ञाची असेल, तर मात्र बाजू बरीच भक्कम होते.

धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना थोडी वेगळी वाट आहे. प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या संस्थेने धर्मादाय कार्यासाठी परदेशातून घेतलेल्या सेवेला वर सांगितलेल्या २८ जून २०१७ च्या अधिसूचनेतील त्याच नोंदीत सूट आहे. पण तेच परंतुक येथेही लागू होते: माणसाने लिहिलेल्या अहवालाला सूट मागता येईल, सॉफ्टवेअरला नाही. आणि उद्या आपले सॉफ्टवेअर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थेने घेतले, तर तिच्याकडे जीएसटी क्रमांक दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. जी नोंदणी केवळ पुरवठादारांच्या देयकातून टीडीएस कापण्यासाठी घेतलेली असते, ती या कारणासाठी नोंदणी मानली जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. अशा वेळी कर कंपनीनेच भरायचा.

आपल्या पत्रात ज्यांचा उल्लेख शेवटी आणि ओझरता आला आहे, त्या मेहुण्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कलम १४ म्हणते की परदेशी पुरवठादाराचे करपात्र क्षेत्रात ‘कोणत्याही कारणासाठी’ प्रतिनिधित्व करणाऱ्या व्यक्तीने नोंदणी घ्यावी आणि पुरवठादाराच्या वतीने कर भरावा. त्यांनी एक रुपयाही स्वीकारला नाही, करारावर सही केली नाही, असे म्हणून चालत नाही. ‘कोणत्याही कारणासाठी’ हे शब्द मुद्दाम रुंद ठेवलेले आहेत. कंपनी सिंगापूरला आणि मेहुणे होटगी रस्त्याला, तेव्हा विभागाची नोटीस कोणाच्या दारात लवकर पोहोचेल हे वेगळे सांगायला नको. भारतात कोणीच प्रतिनिधी नसता, तर कंपनीला कर भरण्यासाठी एखादी व्यक्ती नेमता आली असती आणि ती व्यक्ती जाणूनबुजून, मोबदला ठरवून जबाबदार झाली असती. आता मेहुणे न नेमताच जबाबदार ठरण्याची शक्यता आहे. त्यांच्याशी लेखी करार करा, त्यांचे काम नेमके काय ते त्यात लिहा आणि कंपनीची स्वतःची नोंदणी आधी पूर्ण करा.

त्यांनी पुढे जागा भाड्याने घेऊन दोन-चार मुले कामाला ठेवली, सर्व्हर आणि कॉल सेंटर तेथूनच चालू लागले, तर चित्र आणखी बदलेल. पुरेसा कायमपणा आणि सेवा देण्याइतकी माणसे व तंत्र असलेली जागा ‘स्थिर आस्थापना’ ठरते, आणि मग सेवा सिंगापूरहून आली असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील साधी नोंदणी, केंद्र आणि राज्याचा कर, नेहमीची विवरणपत्रे असे सगळे लागू होईल. तसे झाले तर क्रेडिट मिळते हा फायदाही आहे, त्यामुळे ते टाळण्यासारखेच आहे असे नाही. फक्त अंगावर आले म्हणून होऊ नये, ठरवून व्हावे.

ॲप स्टोअरमधून येणाऱ्या वर्गणीसाठी स्टोअरशी झालेला करार काढून वाचा. भारताबाहेरील मध्यस्थ अशी सेवा पोहोचवत असेल, तर कायदा त्यालाच पुरवठादार मानतो आणि कर त्याने भरायचा असतो. त्याला यातून सुटायचे असेल तर काही अटी एकत्रच पूर्ण व्हाव्या लागतात: बिलावर सेवा आणि खरा पुरवठादार स्पष्ट असावा, मध्यस्थाने पैसे गोळा केलेले नसावेत, सेवा सुरू करण्याची परवानगी त्याने दिलेली नसावी आणि अटी-शर्ती त्याने ठरवलेल्या नसाव्यात. पैसे स्टोअरच घेत असेल, तर तो या अपवादात बसत नाही. म्हणजे त्या वाटेने आलेल्या २९९ रुपयांवर आपण पुन्हा कर भरण्याची गरज नाही. पण स्टोअरकडून येणारे मासिक विवरण जपून ठेवा, कारण एकूण वर्गणीदार आणि आपण दाखवलेले वर्गणीदार यांतला फरक समजावण्याचा तोच पुरावा आहे.

नोंदणीची प्रक्रिया तुलनेने सोपी आहे. अर्ज आरईजी-१० या नमुन्यात पोर्टलवर करायचा, आणि देशभरासाठी एकच अधिकारक्षेत्र आहे, बेंगळुरू पश्चिम आयुक्तालय. सोलापूरच्या जीएसटी कार्यालयात खेटे घालण्याचे कारण नाही. मिळणारा क्रमांक ९९ ने सुरू होतो. जीएसटीआर-५ए हे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे, व्यवहार शून्य असले तरी. या नोंदणीवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, आणि डॉलरमधील रकमेचे रुपयांत रूपांतर हिशेबशास्त्राच्या सर्वमान्य तत्त्वांनुसार त्या त्या दिवसाच्या दराने करायचे असते.

मागच्या काळाचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण नोंदणीचा अर्जच तो विचारील. त्यात संकेतस्थळाचा पत्ता आणि भारतात ऑनलाइन सेवा सुरू झाल्याची तारीख भरावी लागते. तेथे खरी तारीख लिहा. ॲप स्टोअरवरचा पहिला अभिप्राय, गेटवेची पहिली पावती, मेहुण्यांनी व्हॉट्सॲपवर फिरवलेली जाहिरात यांपैकी काहीही खोटी तारीख उघडी पाडू शकते, आणि मग साधी थकबाकी लपवाछपवीत गणली जाते. लपवाछपवी किंवा फसवणूक ठरली की कराएवढाच दंड लागू शकतो. तसे नसेल आणि नोटीस येण्याआधी कर आणि वार्षिक १८ टक्के व्याज स्वतःहून भरले, तर दंड टळतो. त्यासाठी सेवा सुरू झाल्यापासूनची गेटवेची महिनावार यादी, ॲप स्टोअर वगळून, माझ्याकडे पाठवावी. रुग्णालयांची यादी वेगळी हवी, प्रत्येकाच्या करारातील नाव आणि त्याने दिलेला जीएसटी क्रमांक शेजारी शेजारी असावा. सही करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांची आणि सल्ला देणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, तेही त्याच पाकिटात असू द्या, कारण चौथ्या सेवेवर आणि व्हिडिओ सल्ल्यावर कोणती भूमिका घ्यायची ते मी त्या यादीवरूनच ठरवणार आहे.